इतर शेरा, असल्यास

मानवजातीचा सगळा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे.

हे वाक्य प्रयोगशाळेच्या संचालकांचं. नव्या इंटर्नच्या स्वागताला ते दर वर्षी उभे राहतात, चष्मा काढतात, खिडकीबाहेर दूरवर बघतात आणि हे वाक्य उच्चारतात. खिडकीबाहेर सायकलींचा स्टँड आहे. यंदाही त्यांनी ते उच्चारलं आणि प्रथेप्रमाणे थांबले. त्या गंभीर शांततेत मागच्या बाकावरून मेजर मॅडम म्हणाल्या, "आणि रक्ताच्या फ्रिजमध्ये कुणीतरी केळी ठेवली आहेत. ज्याची असतील त्याने आत्ता जाऊन काढावीत."

संचालकांनी चष्मा घातला आणि केळी काढायला गेले. स्वागत समारंभ तिथेच संपला.

यंदा इंटर्न एकच होती. पुढच्या बाकावर ती एकटीच बसली होती. वही उघडून तिने "मानवजातीचा" एवढं लिहूनही घेतलं होतं. मेजर मॅडमनी मागून डोकावून पाहिलं. या मॅडम म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेल्या सर्जन. आता प्रयोगशाळेचं खरं काम त्या बघतात, भाषणं संचालक बघतात.

"ते खोड," त्या म्हणाल्या, "आणि हे लिही. जखमी सैनिक बहुतेक वेळा गोळीने मरत नाही. गोळी लागल्यावर जी वाट बघावी लागते, तिच्यामुळे मरतो. ती वाट आपल्याला कमी करायची आहे. नखं दाखव."

तिने हात पुढे केले.

"वाढली आहेत. उद्या कापून ये. हातमोजे फाटतात."

दारावर लांबलचक पाटी होती: सैन्य आघात-वैद्यक संशोधन प्रयोगशाळा. पाटी वाचून तिला वाटलं होतं की आत बुटांचे आवाज असतील, भिंतभर नकाशे असतील, धावपळ असेल. आत होता एक पाण्याचा टब. तो दिवसभर माणसाच्या अंगाइतका कोमट राहायचा आणि मधूनच गुळगुळ करायचा. रक्त गोठायला लावणारा जो पिवळा द्रव रक्तात असतो, तो इथे सुकवून त्याची पूड करत. थंडगार पिशव्या डोंगरावर नेता येत नाहीत, पूड खिशातून नेता येते. एका बाटलीत पूड, एका बाटलीत पाणी, एक नळी, सगळं मिळून एक पाकीट. जखमीपाशी बसून पाणी पुडीत ओतायचं, हळूहळू हलवायचं, विरघळलं की शिरेतून द्यायचं. इंटर्नचं काम म्हणजे दर खेपेतली थोडी पूड विरघळवायची, कोमट टबात धरायची, हातात स्टॉपवॉच घ्यायचं आणि गाठ धरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. आठ महिने.

पदवीनंतर तिला दोन ठिकाणी जागा मिळत होती. दुसरी जागा मोठी होती, तिथे यंत्रं नवीन होती आणि कँटीनला पडदे होते. ती सोडून तिने ही घेतली. अर्जात कारण लिहिलं होतं, "राष्ट्रसेवेची तळमळ". तळमळ खरी होती, फक्त राष्ट्राएवढी मोठी नव्हती. एका माणसापुरती होती.

तो माणूस म्हणजे दादा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. सैन्यात मेडिक होता. मेडिक म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टर येईपर्यंत जो असतो तो. त्याला ज्या चौकीवर पाठवलं होतं तिथे फोन लागत नव्हता आणि चौकीचं नाव घरच्यांनाही सांगायचं नव्हतं. महिन्याला एक पत्र यायचं. गेले तीन महिने तेही आलं नव्हतं. वाईट असतं तर कळलं असतं, काही न कळणं हीच चांगली बातमी, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे, ज्यांचं कुणी तिकडे नव्हतं ते.

सैन्याच्या इमारतीत शिरलं की बातम्या कानावर पडतीलच, असा तिचा हिशोब होता. आईचाही तोच. आईचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा.

"विचारलंस का?"

"कुणाला, आई?"

"तुमच्या साहेबांना. सैन्याचीच ना ती शाळा?"

"प्रयोगशाळा."

"तेच ते. एका घरातली माणसं. एकमेकांना विचारायला तोंड दुखतं का?"

"आई, इथे पूड मोजतात. माणसं नाही मोजत."

"मग तू काय शिकलीस एवढं?"

फोन ठेवून ती हॉस्टेलच्या खोलीत पलंगावर बसायची. खोलीत पलंग, टेबल, एक खिडकी आणि खिडकीला न लागणारी कडी. रविवारी ती कागद पसरून नखं कापायची. नेलकटर दादाचं होतं. एक कोपरा उडालेला, साखळीला बाटली उघडायचा छोटा आकडा. दादा निघाला त्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि तो सगळं घर पालथं घालत होता. "माझं नेलकटर कुणी घेतलं? इथेच होतं!" आई कपाटामागे वाकून शोधत होती. ही दारात उभी राहून म्हणाली, "मला काय माहीत." नेलकटर तिच्या खिशात होतं. का घेतलं, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याचं काहीतरी मागे राहावं, एवढंच. माणसाला थांबवता येत नाही, नेलकटर थांबवता येतं.

दुसऱ्या महिन्यात मॅडमनी तिला टबापासून उठवून अर्जांवर बसवलं.

पाकीट वापरलं की मेडिकने एक अर्ज भरायचा आणि रिकाम्या बाटलीसकट खाली पाठवायचा, अशी पद्धत होती. बाटलीत पूड किती चिकटून राहिली ते प्रयोगशाळा बघायची आणि अर्जातले आकडे वहीत चढायचे. पाकिटं वर जाताना विमानाने जात. अर्ज खाली येताना खेचरावरून येत, कारण कागदाला काही घाई नसते. दोन महिने लागत. खेचर आजारी पडलं तर पाच.

अर्ज आधी शाईकाकांच्या टेबलावर जात. शाईकाका म्हणजे तिथले सर्वांत जुने कारकून. त्यांचं काम एकच. काळ्या शाईच्या जाड पेनाने अर्जावरचं नाव, नंबर, तुकडी, ठिकाण आणि तारीख झाकायची. अर्ज कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर तो आपल्या माणसाला झुकतं माप देईल, असा नियम होता. आणि चुकून कळलंच, तर लगेच मॅडमना सांगायचं. तो अर्ज अभ्यासातून बाद आणि ओळखणाराही अर्जांवरून बाद. बत्तीस वर्षं नावं झाकून काकांचा अंगठा आणि पहिलं बोट कायमचं काळं झालं होतं. घरी नातवंडं त्यांना जेवणाआधी हात धुवायला पाठवत. ते धुऊन येत. नातवंडं बघून परत पाठवत.

"काका, तुम्ही सगळ्यांची नावं वाचता?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"झाकायला वाचावं लागतंच."

"मग लक्षात राहतात?"

"मी फक्त शाई लक्षात ठेवतो. बाटली संपत आली की नवीन मागवायची."

अर्जाच्या शेवटी एक रकाना होता: इतर शेरा, असल्यास. बहुतेक जण तिथे "नाही" लिहीत. काही जण "आहे" लिहून पुढे काहीच लिहीत नसत.

सतराव्या अर्जाशी ती थांबली.

प्रश्न: पाकीट उघडताना अडचण आली का? उत्तर: "झाकण फार घट्ट. दाताने उघडलं. दात माझे. पेशंटचे रिकामे नव्हते, तो ओरडत होता."

प्रश्न: माहितीपत्रक वाचले का? उत्तर: "हो. झोप लागली."

प्रश्न: रुग्णाची स्थिती? "आधी माझ्यावर चिडला, मग हवेवर, मग परत माझ्यावर. यावरून शुद्धीवर आहे असं ठरवलं. खाली नेताना माझं नाव विचारत होता. सांगितलं नाही. सुट्टीत आभार मानायला घरी आला तर चहा मलाच करावा लागेल."

ओळी उजवीकडे गेल्या की घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या खाली उतरत होत्या. शाळेत असताना तिचे अर्धे निबंध याच अक्षरात होते. बाई दर वेळी शेरा मारत, "ओळी सरळ ठेव", आणि ती घरी येऊन तो शेरा दादाला दाखवत असे.

ती हसली. मग हसायची थांबली. मग तो कागद तसाच हातात धरून, आता नेमकं काय करायचं असतं ते न समजून, बसून राहिली. वरती पाच काळ्या पट्ट्या होत्या. तिने कागद उजेडाला धरला. काका कामात पक्के होते, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"काका, हा किती जुना असेल?"

काकांनी मान वर केली नाही. "आलाय परवा. लिहिला कधी, ते मी झाकलंय."

दोन महिने किंवा पाच. शेवटचं पत्रही पाचच महिन्यांपूर्वीचं. म्हणजे हा अर्ज त्या पत्राच्या थोडा आधीचा असेल, नाहीतर नंतरचा. नंतरचा असेल तर ती नवी बातमी होती. आधीचा असेल तर काहीच नव्हती. त्या दिवशी तो होता, त्याला दात होते आणि तो चहाला घाबरत होता, एवढं मात्र नक्की.

नियमाप्रमाणे तिने उठून मॅडमकडे जायला हवं होतं. तिने आकडे वहीत चढवले आणि अठरावा अर्ज घेतला.

संध्याकाळी सातला आईला ती म्हणाली, "दादाचे दात चांगले आहेत."

पलीकडे आईने चालू टीव्ही बंद केला.

"लहानपणापासून चांगलेच होते," आई म्हणाली. "किडके तुझेच." आणि कधी नव्हे तो फोन तिने आधी ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईने "विचारलंस का" असं विचारलंच नाही. म्हणाली, "आज काय चांगलं आहे?"

"आज... झोप लागते त्याला."

"ती लागतेच," आई म्हणाली. आवाज कसा, तर तापलेलं काहीतरी हाताने उचलावं आणि हात पोळू नये म्हणून जपावं, तसा.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या अक्षरातले आणखी दोन अर्ज आले. एकात लिहिलं होतं: "झाकण या वेळी नखाने उघडलं. नखं भरपूर आहेत. कारण विचारू नये." त्या रविवारी तिला नखं कापवेनात. सोमवारी हातमोजा फाटला आणि मॅडमची बोलणी खावी लागली.

त्यानंतर ते अक्षर आलं नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मॅडमनी तिच्यापुढे जुनं माहितीपत्रक टाकलं. "शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांनी हे वाचलेलं नाही. बारा जण वाचलं म्हणतात, त्यातल्या एकाला झोप लागली. रिकाम्या बाटल्या उघड्या येतात. आत माती. काल एकीत मुंगळा निघाला, आणि तो तीन हजार मीटरवरून बसून आला होता. तू नवीन लिही."

तिने जुनं वाचून पाहिलं. पहिलंच वाक्य होतं: "सदरहू कुपीचे आच्छादन वामावर्त परिभ्रमण करवून विलग करण्यात यावे." रक्त वाहत असताना हे वाचणाऱ्याला झोप लागली असेल तर तो मनाचा खंबीरच म्हणायचा.

तिने लिहिलं: झाकण डावीकडे फिरवा. निघेल. दात लावू नका.

असं करत ती शेवटच्या सूचनेपर्यंत आली: रिकाम्या बाटलीला झाकण परत लावा. पेन थांबलं. लहानपणापासून तिने उघडलेल्या कुठल्याही वस्तूला कधी झाकण परत लावलेलं नव्हतं. तेलाची बाटली, शाईची दौत, टूथपेस्ट, सगळी घरभर उघडी. दादा मागून फिरत एकेक झाकण लावत जायचा आणि ओरडायचा, "झाकणबाई!" साऱ्या जगात या नावाने तिला हाक मारणारा माणूस एकच.

तिने आणखी एक वाक्य लिहिलं: झाकण न लावणाऱ्याला घरी काय म्हणतात ते आठवा.

तो वाचेल. वाचलं की समजेल. समजलं की अर्जात काहीतरी लिहील, अक्षर येईल, आणि ते या पत्रकाच्या नंतरचंच असेल. तारीख कितीही झाका, ते जुनं असूच शकणार नाही.

माहितीपत्रक सात जणांच्या समितीपुढे गेलं. समितीने त्यावर दोन तास बारकाईने विचार केला. "दात लावू नका" यात दातांचा अपमान होतो का, यावर चाळीस मिनिटं गेली. शेवटच्या वाक्यावर एकाने चष्मा वर करून विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

"सुरक्षा विभागाने असेल," दुसरा म्हणाला.

सुरक्षा विभागाच्या माणसाला वाटलं की मानसशास्त्र विभागाने. मानसशास्त्र विभागाची बाई त्या दिवशी रजेवर होती. सातही सह्या झाल्या आणि महिन्याच्या आत पाकिटं नव्या पत्रकासकट विमानात बसली.

मग वाट बघणं सुरू झालं. टबातल्या पुडीला गाठ धरायला अठ्ठावीस सेकंद लागत, कधी एकतीस. ते तिला आता पाठ झालं होतं. बाकी कशाला किती लागतात, ते कुठल्या स्टॉपवॉचवर येत नव्हतं. दर मंगळवारी टपालाचं पोतं यायचं आणि ती काकांच्या टेबलाजवळून उगाचच दोनदा जायची. पत्र नव्हतंच. आई सातला विचारायची, "आज काय चांगलं आहे?" आणि ती त्या तीन अर्जांतून काहीतरी खरवडून द्यायची. नखं. चहा. विनोद करायची जुनी खोड. तीन कागदांतून किती दिवस काढणार? एके दिवशी ती म्हणाली, "आज काही नाही गं."

"असू दे," आई म्हणाली. "आज मी सांगते. सहा वर्षांचा असताना त्याने शेजारच्या कुत्र्याच्या पायाला माझ्या नव्या ओढणीची पट्टी बांधली होती. कुत्रं लंगडत नव्हतंच. पट्टी बांधल्यावर लंगडायला लागलं."

त्यानंतर बहुतेक दिवस आईच सांगायची.

सहाव्या महिन्यात नव्या पत्रकानंतरचे अर्ज आले. पोतं नेहमीपेक्षा जड होतं. बाटल्या काढून बघितल्या तर प्रत्येक बाटलीला घट्ट झाकण. मुंगळा नाही, मातीचा कण नाही. आणि "इतर शेरा, असल्यास" हा रकाना, जो पंधरा वर्षं ओसाड होता, तो पहिल्यापासून शेवटच्या अर्जापर्यंत गच्च भरलेला.

झालं होतं असं की सैन्यात छापील वाक्य म्हणजे हुकूम. "आठवा" असा हुकूम आला होता, तो त्यांनी पाळला होता, आणि पाळल्याचा अहवाल दिला होता.

"घरी मला म्हातारा म्हणतात. वय सव्वीस."

"आई राजा म्हणते. बायको म्हणत नाही."

"मोठी बहीण ढब्बू म्हणते. हे गुप्त ठेवावे."

"मुलगी अजून बोलत नाही. बोलली की पुढच्या अर्जात कळवतो."

"काही म्हणत नाहीत. घरी कुणी नाही. झाकण लावले आहे."

ती एकेक वाचत गेली. पहिल्या काहींना हसली, मग नुसतीच वाचत राहिली. त्रेसष्ट अर्ज होते. घसरगुंडीवरून उतरणारी एकही ओळ नव्हती. तिने परत पहिल्यापासून पाहिले. नव्हती.

दुपारी मॅडमनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर ते अर्ज होते आणि त्यातला ढब्बू सर्वांत वर.

"हे वाक्य सुरक्षा विभागाचं नाही. मी विचारलं. मानसशास्त्राचंही नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, आम्हाला एवढं चांगलं सुचत नाही."

"माझं आहे, मॅडम."

"कुणासाठी लिहिलंस?"

मॅडमनी "का" विचारलं असतं तर तिने काहीतरी रचून सांगितलं असतं. "कुणासाठी" याला तिची तयारी नव्हती.

"दादासाठी. तो वर मेडिक आहे. दुसऱ्या महिन्यात त्याचे अर्ज आले होते. तीन. मी ओळखले आणि सांगितलं नाही."

"कशावरून ओळखलंस?"

"दातांवरून."

मॅडमनी मागची फाइल काढली, पानं उलटली, सतरावा अर्ज वाचला. चहाच्या ओळीपाशी त्यांचा ओठ जरासा हलला. मग त्यांनी लाल पेनाने त्यावर "बाद" असं लिहिलं, आणि पुढच्या दोन अर्जांवरही.

"आजपासून अर्जांना हात लावायचा नाही. टब, पिपेट, आणि कागद फाडायचं यंत्र. उरलेले दिवस एवढंच. घरी पाठवलं असतं, पण पत्रक वाचणारे बारावरून चौऱ्याण्णव झालेत. संचालकांना त्यावर भाषण करायचं आहे."

"आणि ते वाक्य?"

"वाक्य राहील. तू राहणार नाहीस." त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "मला घरी काय म्हणायचे, माहीत आहे?"

"नाही, मॅडम."

"बरं आहे. जा."

आता ती काचेच्या आत आणि अर्ज काचेच्या बाहेर, असं झालं. दर मंगळवारी शाईकाका पोतं घेऊन समोरून जायचे. नावं तेच वाचत होते. तिला हवी असलेली एकुलती एक गोष्ट त्या म्हाताऱ्याला दर आठवड्याला आपोआप कळत होती आणि तो तिच्यावर शाई फासत होता. ती काचेतून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची. पण बत्तीस वर्षं नावं झाकलेला माणूस तो, चेहरा झाकायला त्याला वेगळी शाई लागत नव्हती. एकदा तिने धीर करून दार उघडलं.

"काका..."

"विचारू नकोस," ते म्हणाले. "मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची परवानगी नाही. मग मला खोकला येतो." आणि ते खरोखरच खोकत निघून गेले.

सातवा महिना गेला. आईच्या गोष्टी कुत्र्यापासून निघून चौथीच्या सहलीपर्यंत आल्या होत्या. आईचा आवाज दर गोष्टीला थोडा हळू होत होता, जणू गोष्टी मोजून उरवायच्या होत्या. आठव्या महिन्याचा शेवटचा मंगळवार आला. शुक्रवारी तिला निघायचं होतं. हॉस्टेलची खोली अर्धी आवरली होती. खिडकीची कडी अजून लागत नव्हती.

ती फाडायच्या यंत्रापाशी उभी होती. जुने तक्ते, रद्द पावत्या, संचालकांच्या भाषणाच्या जास्तीच्या प्रती, असं एकेक आत सोडत होती. शाईकाका आले. हातात कात्री होती, आणि बोटभर रुंदीची कागदाची एक पट्टी.

"नियम अकरा," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "अर्जात अभ्यासाशी संबंध नसलेला मजकूर आढळल्यास तो कापून वेगळा करावा आणि नष्ट करण्यास द्यावा. हा नियम मी बत्तीस वर्षांत वापरला नव्हता. आज वापरला."

"म्हातारा आणि ढब्बू चालले होते ना, काका?"

"त्यांना कुणी ओळखत नव्हतं." त्यांनी पट्टी यंत्राच्या झाकणावर ठेवली. काळं बोट तिच्यावर क्षणभर दाबून धरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. खोलीत वारा नव्हता. "फाडायची आहे. वाचायची नाही. वाचलीस तर मला सांगू नकोस, मला परत खोकला येईल."

ते गेले. दारापर्यंत जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण दार मात्र त्यांनी नेहमीपेक्षा फार हळू लावलं.

यंत्र सुरूच होतं. तिने ते बंद केलं. हात पुसले, मग परत पुसले. आठ महिने, त्याआधीचे तीन, आईचे सातचे सगळे फोन, सात सह्यांची समिती, विमान आणि खेचर, सगळं त्या बोटभर कागदापाशी येऊन थांबलं होतं. तिने पट्टी उचलली. ओळी उजवीकडे गेल्या की खाली उतरत होत्या.

"झाकण लावलं आहे. आता सोपं निघतं, दात शाबूत. झाकणबाई, माझं नेलकटर तूच नेलंस, मला गाडीत बसतानाच कळलं होतं. पाठवून दे."